‘घरादाराची पर्वा न करता’

डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णवाहिकेचा चालक यांच्याविषयी गौरवाने बोलायचे झाले की आपल्याकडे एक वाक्य हटकून येते : ‘त्यांनी घरादाराची पर्वा न करता रुग्णांची सेवा केली.’ सत्काराच्या भाषणात ते असते, निरोपसमारंभाच्या मानपत्रात असते, मृत्युलेखात असते आणि शाळकरी निबंधातही असते. बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. ऐकणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. भाषेच्या अध्यापकाला मात्र अशा गुळगुळीत झालेल्या वाक्यापाशी थोडे थांबण्याची सवय असते. या वाक्यात घर आहे. पण ते केवळ मागे टाकण्याची वस्तू म्हणून आहे. मग पर्वा करण्याचे काम कोणी केले, मुलाला ताप चढला त्या रात्री त्याच्या उशाशी कोण बसले, म्हाताऱ्या सासूची औषधे कोणी आणली, याविषयी वाक्य गप्प आहे. ज्याचा गौरव चालला आहे त्याला घराची पर्वा खरोखरच नव्हती, की पर्वा असूनही घरी जाता येत नव्हते, हा फरकही ते पुसून टाकते.

आपत्कालीन वैद्यकीय काम आणि घर यांच्यातील तोलाची चर्चा आपल्याकडे बहुधा व्यक्तीला उपदेश करून संपते : वेळेचे नियोजन करा, योगासने करा, घरच्यांसाठी थोडा वेळ काढा. ‘तारेवरची कसरत’ हा शब्दप्रयोग तर या विषयासाठीच तयार ठेवलेला असतो. त्यातही आपले सगळे लक्ष तारेवरून चालणाऱ्याच्या पावलांवर असते. तार कोणी बांधली, किती उंचीवर बांधली, खाली जाळी का नाही, हे विचारायचे राहून जाते. मला असे वाटते की हा प्रश्न व्यक्तीच्या कौशल्याचा कमी आणि कामाच्या तासांचा अधिक आहे. आणि हे तास बेहिशेबी राहण्यात आपल्या भाषेचा, विशेषतः ‘सेवा’ या शब्दाच्या आपण केलेल्या वापराचा, थोडा तरी हात आहे.

‘सेवा’ हा शब्द आपल्याकडे देवळातून आला. देवाच्या सेवेला वेळकाळ नसतो, सेवेचे मोल मागायचे नसते आणि सेवेत खंड पडला तर तो सेवकाचा दोष असतो. हे सारे अर्थ शब्दाबरोबर रुग्णालयात आले. त्याच्या शेजारी दुसरा एक मराठी शब्द ठेवून पाहावा : ‘पाळी’. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. हा शब्द मुंबईच्या कापडगिरण्यांत घडला. त्याला भोंगा होता, सुरुवात होती, शेवट होता. गिरणगावातून आलेल्या आपल्या साहित्यात भोंगा, पाळी आणि चाळीतली खोली एकत्र नांदतात, याचे कारण पाळी संपल्यावर माणूस घरी येतो हे त्या भाषेला ठाऊक होते. पाळीवर न आलेल्याच्या जागी उभा राहणारा ‘बदली कामगार’ही त्या भाषेत होता. रुग्णालयातल्या बोलण्याकडे कान दिला तर हे सगळे इंग्रजीत ऐकू येते : नाइट, ऑफ, डबल ड्यूटी, हँडओव्हर, रिलीव्हर. ‘रिलीव्हर आलाच नाही’ या एका वाक्यात किती घरांची संध्याकाळ बुडते! या ‘रिलीव्हर’साठी आपण मराठी शब्द शोधला नाही, कारण सेवेत कोणी कोणाला मोकळे करायचे असते ही कल्पनाच आपल्याला सुचली नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ वाटू नये म्हणून आमच्या जिल्ह्याकडे येतो. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, तालुके १६ आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. एका टोकाला कोळशाच्या खाणींची वणी, दुसऱ्या टोकाला पैनगंगेकाठचे उमरखेड, आणि मध्ये यवतमाळला १९८९ साली सुरू झालेले वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय. त्यापलीकडे सेवाग्राम, सावंगी नाही तर थेट नागपूर. ग्रामीण रुग्णालयातून ‘रेफर’ झालेला रुग्ण येथे पोचतो तोच पुष्कळदा अर्धी रात्र उलटल्यावर. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, तिच्यात डॉक्टर असतो, चालकाला ‘पायलट’ म्हणतात. अंतरे मात्र तीच आहेत.

कापसाच्या जिल्ह्यात आणीबाणीलाही हंगाम असतो. पाऊस लागला की सर्पदंश सुरू होतात. त्यातला मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. श्रावणापासून फवारणी सुरू होते. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात आले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट उष्मा, कीटकनाशकांची मनाला येईल तशी मिश्रणे, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, अशी कारणे तेव्हा पुढे आली. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. पण विषबाधेच्या रुग्णाला वाचवणे म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे आपल्या लेखनात फारसे आले नाही.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या विषावर ॲट्रोपिन द्यावे लागते. ते एकदा टोचून भागत नाही. छातीतला घरघराट थांबेपर्यंत, नाडी वर येईपर्यंत दर काही मिनिटांनी मात्रा वाढवत न्यायची, मग सलाइनमधून चालू ठेवायची. कमी पडले तर रुग्ण स्वतःच्याच फुप्फुसातल्या स्रावात बुडतो. जास्त झाले तर त्याला भ्रम होतो, तो हातपाय झाडतो, खाटेवरून उठून पळू पाहतो. सुधारला असे वाटलेल्या रुग्णाचा श्वास एक ते चार दिवसांनी पुन्हा अडखळू शकतो, कारण श्वासाचे स्नायू दुबळे होतात. म्हणजे येथे आणीबाणी हा एक क्षण नसून तीनचार रात्री चालणारा पहारा असतो. कोणीतरी जागे राहावेच लागते, आणि नुसते जागे नव्हे, तर बारकाईने पाहण्याइतके ताजे. छत्तीस तास उभ्या असलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात. ते पाहत असतात की नाही, हे सांगता येत नाही.

याच दिवसांत घरात काय चाललेले असते? विदर्भातले घरचे सण नेमके याच हंगामात येतात. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, मग गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा. विषाचा आणि सापाचा हंगाम तोच सणांचा हंगाम. माझी थोरली वहिनी जिल्ह्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिची बरीच वर्षे अपघात विभागात गेली. भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या घरी महालक्ष्म्यांचा स्वयंपाक अनेकदा जाऊबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीने, केला आहे आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन पुतण्याबरोबर गल्लीत मी फिरलो आहे. यात कोणी थोर त्याग केला असे नाही. एकत्र राहणाऱ्या माणसांचे असे चालायचेच. पण हे सर्व कोणाच्या तरी वेळापत्रकाच्या आधारावर उभे होते. शेजारच्या आजी फाटकातून विचारतात, “सुटली का वो ड्यूटी, बाई?” शाळा सुटते, गाडी सुटते, तशी ड्यूटीही सुटते. आजींच्या या क्रियापदात जे शहाणपण आहे ते आपल्या मानपत्रांत नाही.

वहिनीचा एक नियम आहे. ती घरी आली की सरळ न्हाणीघरात जाते आणि नंतर अर्धा तास तिच्याशी कोणी काही बोलायचे नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या पत्नीला याचा राग आला होता. तेव्हा वहिनी मला म्हणाली, “भाऊजी, तुम्ही तिला सांगा. अर्धा तास मला काही विचारू नका म्हणावं. मग दिवसभर काय विचारायचं ते विचारा.” एवढेच. कोण गेले, कोण वाचले, हे तिने घरात फारसे सांगितले नाही. आम्हाला ते तिच्या जेवणावरून कळत असे.

या अर्ध्या तासाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. मर्तिकाहून आलेला माणूस आपल्याकडे सरळ घरात शिरत नाही. अंघोळ करतो, कडुलिंबाचा पाला चावतो, मग आत येतो. घरातले माणूस गेले तर दहा दिवस सुतक असते. शुद्ध-अशुद्धाच्या त्या कल्पनेचे समर्थन मला करायचे नाही. तिने माणसामाणसांत काय केले हे आपण जाणतो. पण त्या रूढीत एक दुसरीही गोष्ट होती. मृत्यूजवळ गेलेल्या माणसाला समाज काही काळ नेहमीच्या कामांतून मोकळे करत असे. त्याने लगेच हसावे, सण करावा, व्यवहार पाहावा अशी अपेक्षा ठेवत नसे. ज्यांना आठवड्यातून दोनतीनदा परक्याच्या मृत्यूजवळ उभे राहावे लागते, त्यांच्यासाठी मात्र आपल्या संस्कृतीने कोणतीही मोकळीक ठेवली नाही. मृताशी नाते नाही, म्हणून सुतक नाही. वहिनीने स्वतःपुरते अर्ध्या तासाचे सुतक निर्माण केले. २०२० साली कोरोनाच्या काळात अशा कितीतरी घरांत ते आठवड्यांचे झाले. दाराबाहेरच्या खोलीत वेगळे ताट, वेगळी चादर आणि खिडकीतून बोलणारी मुले. तेव्हा आपण थाळ्या वाजवल्या. त्या लोकांची सुटी किती झाली, हे नंतर कोणी मोजले नाही.

मोजण्याचा प्रश्न आला की कागदांकडे वळावे लागते; आणि कागद वाचणे हे तर आपल्या विषयाचेच काम आहे. १९९२ साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी एकसमान योजना आखली. कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक नाही इतके काम करावे, असे तिच्यात म्हटले आहे. पण त्याच तरतुदीत पुढे अट येते : कामाचा व्याप आणि डॉक्टरांची उपलब्धता पाहून अधीक्षक ठरवतील त्याप्रमाणे हे तास लवचीक राहतील. कोणत्याही विद्यार्थ्याने हे वाक्य नीट वाचले तर त्याच्या लक्षात येईल की पहिल्या अर्ध्यात दिलेले दुसऱ्या अर्ध्यात परत घेतले आहे. ‘साधारणपणे’ आणि ‘लवचीक’ या दोन शब्दांतून ४८ तासांची मर्यादा निसटली. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणविषयक नियमांत निवासी डॉक्टरांनी ‘वाजवी’ तास काम करावे आणि त्यांना विश्रांतीसाठी ‘वाजवी’ वेळ मिळावा अशी भाषा आली. म्हणजे आकडा गेला आणि विशेषण आले. २०२४ मध्ये याच आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे आणि आठवड्यातून एक दिवस सुटी असावी अशी शिफारस केली.

बत्तीस वर्षांत ४८ वरून ‘वाजवी’ आणि ‘वाजवी’वरून ७४, असा हा प्रवास आहे. या ७४ तासांचे स्वागत झाले, कारण प्रत्यक्षातले तास त्याहून अधिक आहेत हे सर्वांना ठाऊक होते. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७४ गेले, रोजच्या आठ तास झोपेचे ५६ गेले, उरले ३८. दिवसाला साडेपाच तासही नाहीत. त्यात अंघोळ, जेवण, येणेजाणे, अभ्यास, आईवडिलांचा फोन आणि असला तर संसार. तोल साधण्याचा उपदेश आपण या साडेपाच तासांना करत असतो.

आणि घरी जाण्याची वाट तरी सुखरूप आहे का? नोव्हेंबर २०२१ मध्ये यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात रात्री वसतिगृहाकडे जाणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याचा खून झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात दीर्घ ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये पाठ टेकायला गेलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिला मारण्यात आले. या दोन्ही घटनांवर सुरक्षारक्षक, कॅमेरे, कायदे यांची चर्चा झाली; ती हवीच होती. पण दोन्ही ठिकाणी माणूस कामात नव्हता, कामाच्या कडेला होता. एक खोलीकडे चालला होता, दुसरी विश्रांती शोधत होती. ड्यूटी नसलेल्या वेळेला आपल्या रुग्णालयांत जागाच नाही, हे त्यातून अधिक स्पष्ट दिसते.

तासांना मर्यादा कशी येते याचे एक परदेशी उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची विद्यार्थिनी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत मरण पावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर दीर्घ पाळीवर होते. तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास, सलग २४ तास ही मर्यादा घातली. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा अमेरिकाभर झाली. या कथेत निर्णायक ठरला तो रुग्णाचा मृत्यू. डॉक्टरचे घर त्यात कोठेच नव्हते.

म्हणून त्यानंतरची एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. २०१६ साली अमेरिकेतल्या शल्यचिकित्सेच्या निवासी डॉक्टरांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सलग पाळीच्या मर्यादा सैल केलेल्या रुग्णालयांत रुग्णांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंती वाढल्या नाहीत, असे तीत आढळले. उलट, रुग्ण अर्ध्यावर सोडून जावे लागत नाही, हे डॉक्टरांना बरे वाटले. मात्र त्याच डॉक्टरांनी हेही नोंदवले की कुटुंब, मित्र, विश्रांती आणि स्वतःचे आरोग्य यांवर वाईट परिणाम झाला. हा निष्कर्ष तासांच्या मर्यादेच्या समर्थकांना अडचणीचा वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो. रुग्णाचे नुकसान होते म्हणूनच डॉक्टरला घरी जाऊ द्यावे, अशी मांडणी आपण करत राहिलो तर ज्या दिवशी रुग्णाचे नुकसान होत नाही असे सिद्ध होईल त्या दिवशी घरावरचा हक्कही संपेल. घराला रुग्णाच्या नावाने परवानगी काढावी लागू नये. मुलाच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाला जाणे हे उद्याच्या शस्त्रक्रियेसाठी हात स्थिर राहावा म्हणून नसते. ते मुलासाठी असते.

यावर रास्त आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. जिल्ह्यात माणसेच कमी असतील तर तास कसे मोजणार? समोर श्वास अडकलेला शेतमजूर असताना ‘माझी पाळी संपली’ असे कोणी म्हणावे काय? असे कोणी म्हणू नये, आणि म्हणतही नाही. वहिनी कधी म्हणाली नाही. परंतु अपवादाची रात्र आणि रोजची रात्र यांत फरक आहे. एखाद्या रात्री थांबणे हा माणुसकीचा भाग. रोजच थांबावे लागणे हा रिकाम्या पदांचा भाग. दोन माणसांचे काम एकाने केले की दुसरे पद रिकामे आहे हे दिसेनासे होते. गौरववाक्य नेमके येथे उपयोगी पडते. ‘पद भरले नाही’ याऐवजी ‘घरादाराची पर्वा केली नाही’ असे म्हटले की जबाबदारी शासनाच्या टेबलावरून उचलून एका बाईच्या स्वभावात ठेवता येते. घड्याळ हे काही निर्दोष यंत्र आहे असेही माझे म्हणणे नाही. घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे तरुण सहकारी जाणतात की तास मोजूनही माणसाला उपाशी ठेवता येते. पण न मोजता राबवून घेण्याला ‘सेवा’ हे नाव देण्यापेक्षा मोजून भांडणे बरे.

आपल्या वाङ्मयाने या घराकडे पाहिले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. उलट, मराठीत एक मोठी परंपराच आहे : थोर माणसाचे चरित्र इतरांनी लिहायचे आणि त्याचे घर त्याच्या पत्नीने आत्मचरित्रात आणायचे. रमाबाई रानड्यांपासून लक्ष्मीबाई टिळकांपर्यंत आणि पुढे सुनीता देशपांडे यांच्यापर्यंत ही रेषा आपण वर्गात शिकवतो. आनंदवनाचे घर साधनाताई आमटे यांच्या ‘समिधा’त आहे, नावातच यज्ञ आहे आणि त्यात काय जळते हेही आहे. दुसरीकडे डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. गडचिरोलीत काम करणाऱ्या एका डॉक्टरला वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका येतो आणि तो स्वतःच्या दिवसाकडेच निदानाच्या दृष्टीने पाहू लागतो. मराठीत डॉक्टरने स्वतःच्या धावपळीला इतक्या मोकळेपणाने रोग म्हटल्याचे उदाहरण विरळाच. तरी त्या पुस्तकातला उपाय प्रामुख्याने व्यक्तीचा आहे : आहार बदला, चाला, ध्यान करा, जगण्याची लय बदला. स्वतःची संस्था उभारलेल्या माणसाला स्वतःचा दिवस बदलता येतो. ज्या परिचारिकेच्या पाळ्यांचा तक्ता दुसऱ्याच्या सहीने लागतो, तिने कोणती लय बदलावी? हे त्या पुस्तकाचे न्यून नव्हे. त्याच्या पुढचे पुस्तक कोणी लिहायचे, असा तो प्रश्न आहे. पत्नींच्या आत्मचरित्रांनी थोर पुरुषाचे घर दाखवले. जिथे बाईच कामावर असते आणि घर नवरा, जाऊ, सासू, शेजारी मिळून सांभाळतात, त्या घराची भाषा अजून घडायची आहे.

सेवा आणि पाळी यांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी १८९७ हे वर्ष आठवावे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये त्या कामगारांना आठवड्याची सुटी मिळवून दिली. आपल्या रविवारमागे त्यांचे श्रम आहेत. हेच लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईत प्लेगच्या रुग्णांसाठी झटताना प्लेगनेच गेले. महिनाभरातच, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने अंत झाला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्ण पोचवत होत्या. दोघेही सत्यशोधक. ज्या चळवळीने संकटात धावून जाणारी माणसे दिली, त्याच चळवळीने सुटीचा दिवसही मागितला. सुटी मागणे म्हणजे सेवेची कुचराई, हे समीकरण त्यांचे नव्हे. ते आपण नंतर तयार केले. लोखंड्यांच्या स्मरणातून आपण रविवार वजा केला आणि सावित्रीबाईंच्या स्मरणातून घर. उरला तो फक्त त्याग.

यवतमाळला दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. २०१९ साली अरुणा ढेरे. दुसऱ्या संमेलनाच्या आधीचे वाद सर्वांना आठवत असतील. मला आठवते ते उद्घाटन. ते वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी व्यासपीठावरून बोलली आणि इतकी वर्षे आकडा म्हणून मोजल्या गेलेल्या घराला आवाज असतो हे या जिल्ह्याने ऐकले. त्यांचे दुःख आणि रुग्णालयात काम करणाऱ्यांचे घर यांची तुलना मी करत नाही. पण मागे उरलेल्या घराला बोलू दिले की गौरवाची आणि कीव करण्याची तयार वाक्ये कशी निरुपयोगी होतात, ते त्या दिवशी दिसले.

आपण साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक. पदे भरणे आपल्या हाती नाही, तक्ते लावणे नाही. मानपत्रे लिहून देणे मात्र गावोगाव आपल्याकडेच येते. ‘सर, चार ओळी लिहून द्या’ असे सांगणारा माणूस आपल्याच दारात येतो. त्या चार ओळींत हे वाक्य लिहायचे नाही, एवढे तरी आपण ठरवू शकतो. त्याऐवजी त्यांनी किती वर्षे रातपाळी केली, किती दिवाळ्या वॉर्डात गेल्या, त्या काळात घरी कोण होते आणि त्यांच्या जागी उभे राहायला दुसरे माणूस होते की नव्हते, हे लिहावे. पाहुण्यांना ते थोडे अडचणीचे वाटेल. आपल्या वर्गात परिचारिकांची, वॉर्डबॉयची, रुग्णवाहिकेच्या चालकांची मुले बसलेली आहेत. ‘माझ्या आईची नाइट’ हा विषय निबंधाला देऊन पाहावा. घराची पर्वा कोणी केली, हे त्या मुलांना नेमके माहीत असते.